विश्वकोशाच्या उंबरठ्यावरचे बँडपथक

२०२५ सालच्या जून महिन्यात ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाचा एक वाद्यवृंद महाजालावरील संगीताच्या बाजारात अवतरला. पाहता पाहता ‘स्पॉटिफाय’ या सेवेवर त्याच्या मासिक श्रोत्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. चार कलावंतांची नावे होती, त्यांची छायाचित्रे होती, एकामागून एक ध्वनिसंच होते. नव्हते ते फक्त कलावंत! ती छायाचित्रे, ते आवाज आणि ते संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले आहे, हे काही आठवड्यांतच उघड झाले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्या बातम्या छापल्या आणि अस्तित्वातच नसलेल्या या बँडची नोंद ‘विकिपीडिया’ या महाजालावरील मुक्त विश्वकोशात रीतसर झाली.

आता दुसरे चित्र पाहावे. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दोन-तीन पिढ्या लग्नसराईत, गणेशविसर्जनात आणि ग्रामदैवताच्या पालखीपुढे वाजविणारे एखादे बँडपथक असते. क्लॅरिनेट वाजविणारे आजोबा, ट्रम्पेट वाजविणारा मुलगा, ताशावर बसलेला नातू आणि दर हंगामाच्या सुपाऱ्यांची नोंद असलेली एक जीर्ण वही, एवढाच त्यांचा इतिहास. या पथकातील कोणा होतकरू तरुणाने उद्या विकिपीडियावर आपल्या पथकाचा लेख चढविला, तर तो काही तासांत वगळला जाण्याची शक्यता मोठी. कारण दिले जाईल, ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’.

जे नाही त्याची नोंद होते आणि जे हाडामांसाचे आहे, पोट जाळून कला जपते आहे, त्याला दार बंद! प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो आणि संताप येतो. परंतु हा निर्णय कोण करतो, कोणत्या कसोटीवर करतो आणि त्या कसोटीमागे काही विचार आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज संतापाला अर्थ नाही. शांतपणे पाहिल्यास असे दिसते की, त्या नियमात दोष कमी आहे. दोष आहे तो आपल्या नोंदी न करण्याच्या जुन्या सवयीत.

निवाडा होतो तरी कसा?

जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू केला. आज त्यात सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. प्रत्येक भाषेतील आवृत्तीचे संपादक-सदस्य वेगळे आणि नियम ठरविण्याचे त्यांचे स्वातंत्र्यही वेगळे. लिहिणारे सारे स्वयंसेवक. कोणीही लेख लिहावा, कोणीही सुधारावा, असा हा मुक्तद्वार व्यवहार आहे. मुक्तद्वार असल्यामुळेच उंबरठ्यावर काही एक पारख ठेवणे भाग पडले. त्या पारखेचे नाव ‘उल्लेखनीयता’.

वाद्यवृंद आणि गायक-वादकांसाठी इंग्रजी विकिपीडियाने बारा कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांतील एक तरी उतरली, तर स्वतंत्र लेखाचा विचार होऊ शकतो. पहिली आणि मुख्य कसोटी अशी की, त्या बँडशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा एकाहून अधिक प्रकाशनांनी त्याच्याविषयी विस्ताराने लिहिलेले असावे. बाकीच्या कसोट्यांचा आशय थोडक्यात असा : एखादे गीत देशाच्या अधिकृत लोकप्रियता-यादीत आलेले असणे, विक्रीबद्दल सुवर्ण तबकडी मिळालेली असणे, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने दोन वा अधिक संच काढलेले असणे, मानाचा पुरस्कार वा नामांकन लाभलेले असणे, मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत येणे, राष्ट्रीय नभोवाणी वा दूरचित्रवाणीवर भरीव स्वरूपाचा कार्यक्रम झालेला असणे, एखाद्या शहराच्या वा शैलीच्या संगीतपरंपरेत अग्रगण्य प्रतिनिधी ठरणे इत्यादी.

लेख या कसोट्यांवर उतरत नाही असे एखाद्या सदस्यास वाटले, तर तो लेख वगळण्याचा प्रस्ताव मांडतो. साधारणतः सात दिवस उघड चर्चा चालते आणि मग एखादा जुना-जाणता प्रचालक निर्णय देतो. लेखात महत्त्व सूचित करणारे एकही विधान नसेल, तर चर्चेवाचूनही तो वगळता येतो. इथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ही चर्चा म्हणजे मतदान नव्हे. बँडचे शंभर मित्र जमवून ‘हा लेख राहिलाच पाहिजे’ असे शंभर वेळा लिहविले, तरी त्याचा उपयोग होत नाही. उलट, एकाएकी उगवलेल्या नव्या नावांची ती गर्दी संशयास कारण होते. दोन अस्सल वृत्तपत्रीय लेखांची कात्रणे पुढे ठेवणारा एकटा सदस्य मात्र निर्णय फिरवू शकतो. संख्याबळाने सारे काही जिंकता येते अशी समजूत रुजलेल्या आजच्या सार्वजनिक जीवनात, संख्येपेक्षा पुराव्याला मान देणारा हा व्यवहार निश्चितच स्वागतार्ह आहे.

पुस्तकाला पानांची मर्यादा, येथे कसली?

यावर एक सरळ प्रश्न विचारला जातो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ पासून त्याचे खंड येऊ लागले. या मंडळींना कागद, छपाई, पैसा आणि पृष्ठसंख्या या साऱ्यांचा हिशेब ठेवावा लागे. कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, हा प्रश्न त्यांना अटळ होता. महाजालावर कागद लागत नाही, शाई लागत नाही. मग एका बँडपथकासाठी दहा ओळी दिल्याने विश्वकोशाचे काय बिघडते?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तरही तितकेच रास्त आहे. केतकरांच्या किंवा तर्कतीर्थांच्या कोशात नोंद लिहिणारा माणूस त्या विषयाचा अभ्यासक असे आणि त्याच्या शब्दामागे त्याचे नाव व विद्वत्ता उभी असे. विकिपीडियावर लिहिणारा कोण, हे वाचकास ठाऊक नसते. तो बँडचा ढोलकीवाला असेल, त्याचा प्रतिस्पर्धी असेल किंवा पैसे घेऊन लिहिणारा भाडोत्री लेखकही असेल. लेखक अज्ञात असला की विश्वास ठेवण्यासाठी एकच आधार उरतो, तो म्हणजे अन्यत्र छापून आलेला, पडताळून पाहता येणारा मजकूर. जागा अमर्याद आहे, परंतु तपासणारे डोळे मर्यादित आहेत. ज्या लेखाची शहानिशा कोणी करूच शकत नाही, तो लेख ठेवणे म्हणजे वाचकाची फसवणूक करण्याचा परवाना देणे होय.

हा धोका काल्पनिक नाही. मराठी वाचकाने तर तो मुळीच विसरू नये. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘डिचोली संघर्ष’ या विषयावर एक प्रदीर्घ लेख लिहिला गेला. १६४०-४१ मध्ये गोव्यातील डिचोली परिसरात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले, असे त्यात तपशीलवार वर्णन होते. संदर्भग्रंथांची यादी होती. लवकरच त्या लेखाला ‘उत्तम लेख’ असा दर्जाही मिळाला. पाच वर्षांहून अधिक काळ तो लेख दिमाखात मिरवत राहिला. २०१२च्या अखेरीस एका चिकित्सक सदस्याने संदर्भ तपासले, तेव्हा आढळले की त्यातील ग्रंथच अस्तित्वात नाहीत आणि सारे युद्ध कपोलकल्पित आहे!

१६४० साली शिवरायांचे वय जेमतेम दहा वर्षांचे होते. स्वराज्याचे तोरण बांधले जाण्यास अजून काही वर्षे होती, मग मराठा साम्राज्य कोठले? डिचोली तर पोर्तुगीजांच्या हाती आली ती अठराव्या शतकात. महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही जी विसंगती खटकली असती, ती पाच वर्षे टिकून राहिली. आपल्या इतिहासात एक खोटे युद्ध घुसविले जाते आणि आपल्यापैकी कोणालाही त्याचा पत्ता नसतो, ही लाजिरवाणी गोष्ट होय. अशा घटनांनंतर संदर्भांविषयीचा आग्रह अधिक कडक झाला, तर त्याचा विषाद मानण्याचे कारण काय?

पोकळ प्रसिद्धीचा डोलारा

संगीताच्या क्षेत्रात तर खोट्या प्रसिद्धीचा सुळसुळाट फार. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘थ्रेटिन’ नावाचा एक अमेरिकी रॉक बँड ब्रिटन आणि युरोपच्या दौऱ्यावर निघाला. त्याचे संकेतस्थळ झकपक होते, समाजमाध्यमांवर हजारो चाहते दिसत होते, चित्रफितींत गर्दी उसळलेली होती. लंडनमधील एका प्रसिद्ध संगीतगृहाला सांगण्यात आले होते की, आगाऊ २९१ तिकिटे खपली आहेत. प्रत्यक्षात श्रोते आले तीन. चाहते विकत घेतलेले होते, दौरा ठरविणारी संस्था बनावट होती आणि हा सारा डोलारा त्या बँडच्या नायकाने स्वतःच उभारलेला होता. पुढे जगभरच्या वृत्तपत्रांनी या बनवाबनवीवर लिहिले आणि गंमत अशी की, त्यामुळेच थ्रेटिनची विश्वकोशात नोंद झाली. त्याच्या संगीताने जे साधले नाही, ते त्याच्या लबाडीने साधले.

विश्वकोशात प्रवेश मिळवून देण्याचा काळाबाजारही उभा राहिला. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एका दमात बंद केली आणि त्यांनी रचलेले दोनशेहून अधिक लेख वगळले. या टोळीची कार्यपद्धती अशी होती की, ज्या छोट्या व्यावसायिकांचे अथवा कलावंतांचे लेख नाकारले गेले असतील, त्यांना गाठायचे आणि ‘पैसे द्या, लेख चढवून देतो’ असे सांगायचे. पुढे ‘लेख टिकवायचा असेल तर दरमहा अमुक द्या’, अशी खंडणीही मागितली जाई. नवखा, अप्रसिद्ध कलावंत हेच या टोळीचे सावज होते. नियम शिथिल केले तर लाभ गरीब बँडपथकाचा होईल, ही समजूत म्हणूनच भाबडी आहे. उघडे दार पहिल्याने सापडते ते दलालांना.

आपल्याकडील वृत्तपत्रसृष्टीनेही या संशयाला खतपाणी घातले आहे. २००९च्या निवडणुकांच्या काळात ‘पेड न्यूज’चा प्रकार चव्हाट्यावर आला. त्यात महाराष्ट्राचे नाव ठळकपणे पुढे आले आणि प्रेस कौन्सिलला या विषयाची चौकशी करावी लागली. बातमी आणि जाहिरात यांच्यातील रेघ आपणच पुसून टाकली, तर परक्या मुलखातील संपादकाने आपल्या कात्रणाकडे साशंकपणे पाहिले, याचा दोष त्याला कसा द्यावा?

नियमाची आंधळी बाजू

असे असले तरी हा नियम सर्वगुणसंपन्न आहे, असे मानण्याचे कारण नाही. त्याची एक बाजू निश्चितच आंधळी आहे. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नाकारला. कारण तेच, स्वतंत्र स्रोतांतून पुरेशी दखल नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्याच दिवशी त्यांचा लेख तयार झाला. स्ट्रिकलंड यांचे संशोधन ऑक्टोबरमध्ये जेवढे थोर होते, तेवढेच ते मे महिन्यातही थोर होते. बदलले होते ते एवढेच की, आता जग त्यांच्याविषयी लिहू लागले होते. तात्पर्य, ही कसोटी गुणवत्ता मोजत नाही. ती मोजते लिखित दखल. जे लिहिले गेले तेवढेच तिला दिसते.

बँडसाठीच्या कसोट्यांवर पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण-व्यवसायाची छाप स्पष्ट आहे. लोकप्रियता-यादी, सुवर्ण तबकडी, मोठ्या कंपनीचे दोन संच ही सारी त्या व्यवसायाची मापे आहेत. आपल्याकडे गाण्यांची क्रमवारी म्हटली की १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ आठवते आणि तीही चित्रपटगीतांची. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत वाजविणारे बँडपथक तबकड्या काढीत नाही. त्याची कला रस्त्यावर जन्मते आणि रस्त्यावरच विरून जाते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड किंवा दरबार बँड वाजू लागला की रस्त्याच्या दुतर्फा माणसे थांबतात. ती थांबलेली पावले कोणत्याही यादीत मोजली जात नाहीत. सुपारी ठरते ती तोंडी, बिदागी मिळते ती हातावर आणि कीर्ती पसरते ती कानोकानी. ज्या परंपरेचा सारा व्यवहारच मौखिक, तिला छापील पुरावा मागणे म्हणजे मासोळीला झाडावर चढण्याची परीक्षा देण्यास सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही.

परंतु येथेच थांबले तर ती केवळ तक्रार होईल. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ही परंपरा मौखिक राहिली ती कोणाच्या दोषामुळे? बँडमास्तराने वाजवावे, की स्वतःचा इतिहासही लिहावा? लिहिण्याचे काम ज्यांचे होते, ते शिकले-सवरलेले लोक काय करीत होते?

परक्याने लिहिले, म्हणून उरले

या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखावह नाही. भारतातील लग्नाच्या बँडपथकांवर एक पूर्ण ग्रंथ आहे. ‘ब्रास बाजा’ हे त्याचे नाव. २००५ साली तो प्रसिद्ध झाला आणि तो लिहिला ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या संगीत-अभ्यासकाने. याच बूथ यांनी पुढे २००८ मध्ये मुंबईच्या चित्रपटसंगीतातील पडद्याआडच्या वादकांवर ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ सिद्ध केला. आपल्या दारावरून वर्षानुवर्षे वाजत गेलेल्या बँडचा इतिहास लिहावा, असे सात समुद्रांपलीकडच्या अभ्यासकाला वाटले. ज्यांच्या घरची लग्ने त्या बँडवाचून लागली नाहीत, त्यांना मात्र वाटले नाही.

गोव्याहून मुंबईला आलेल्या वादकांची कहाणीही अशीच बोलकी आहे. हळदोणे गावचे आंतोनियो शावियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड गाजला. मराठी मातीतील संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९५१च्या ‘अलबेला’ या चित्रपटातील सुरावटींना जो वेगळाच झणका आहे, त्यात या वादकाचा वाटा मोठा आणि त्यातील एका नृत्यगीतात हा बँड पडद्यावरही दिसतो. माजोर्डे गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे त्यांचे नाव देशभर दुमदुमले, पण हे नाव एका खऱ्याखुऱ्या गुरूचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते? त्या काळात चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे येत नसत. तबकडीवरही नसत. कोट्यवधी लोकांनी ज्यांचे वादन ऐकले, ते वादक कागदोपत्री जणू जन्मलेच नव्हते.

बूथ यांच्या ग्रंथाने आणि नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ मधील पुस्तकाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. या ग्रंथांतून कितीतरी वादकांची नावे, गावे आणि कामे प्रथमच छापील अक्षरांत उतरली. आता त्यांच्यापैकी कोणाची विश्वकोशात नोंद करायची झाली, तर ग्रंथाचे नाव, पृष्ठ आणि प्रकाशक पुढे करता येतो. त्यांच्या वादनात एका सुराचीही भर पडली नाही. कोणीतरी बसून, विचारपूस करून, पडताळून लिहिले, एवढेच घडले. विश्वकोशाचे दार उघडणारी किल्ली ती हीच.

मग करावयाचे काय?

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात आणि त्या प्रत्येक गावात, प्रत्येक मंडळात, प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे एक गैरसमज दूर झाला पाहिजे. पुरावा इंग्रजीतच हवा, महाजालावरच हवा, असा नियम इंग्रजी विकिपीडियावरही नाही. मराठी दैनिकातील वीस वर्षांपूर्वीचा लेख, मराठी ग्रंथातील प्रकरण, अगदी ग्रंथालयात धूळ खात पडलेला अंकदेखील ग्राह्य आहे. मात्र तो स्वतंत्र हवा आणि त्यातील दखल विस्तृत हवी. ‘मिरवणुकीत अमुक बँड सहभागी झाला’ ही एका ओळीची बातमी पुरत नाही. बँडने स्वतः काढलेली स्मरणिका, जाहिरात, सत्कारसमितीचे पत्रक अथवा महाविद्यालयाच्या अंकातील लेख यांनी उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. ज्याचा बँड, त्याचीच साक्ष कशी चालावी?

दुसरी गोष्ट लिहिण्याची. जिल्हा-तालुका पातळीवरील वृत्तपत्रांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना पाने मिळतात. त्यातील अर्धे पान वर्षातून चार वेळा जरी स्थानिक वादकांना मिळाले, तरी दहा वर्षांत एका जिल्ह्याच्या संगीताचा पाया तयार होईल. संगीत, लोककला आणि इतिहास या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधांसाठी विषय शोधत असतात. त्यांना आपल्याच गावातील बँडपथक, बेंजो पार्टी, सनई-चौघडावादकांची घराणी हे विषय सुचवावेत. वृद्ध बँडमास्तरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. पथक कोणी काढले, वाद्ये कोठून आणली, शिकविले कोणी, कोणत्या गावांच्या सुपाऱ्या असत, बिदागी किती मिळे, चित्रपटगीतांच्या आधी काय वाजविले जाई, हे सारे विचारून घ्यावे आणि पडताळून ग्रंथरूपाने छापावे. डीजेच्या भिंतींनी मिरवणुकीतील त्यांची जागा बळकावली आहे आणि नवी पिढी या व्यवसायात यायला नाखूष आहे. आज सत्तरी ओलांडलेला वादक गेला की त्याच्याबरोबर एका पथकाचा सगळा इतिहास जातो. या कामाला उद्याचा मुहूर्त चालणार नाही.

तिसरी गोष्ट संयमाची. स्वतःच्या बँडचा लेख स्वतः लिहू नये. संबंध असेल तर तो उघड करावा आणि सूचना चर्चापानावर मांडावी, हाच तेथील शिष्टाचार आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तर तो मोबदला जाहीर करणे २०१४ पासून बंधनकारक आहे. स्वतंत्र लेखाइतका पुरावा नसेल, तर हट्ट सोडून गावाच्या, उत्सवाच्या अथवा त्या वाद्यपरंपरेच्या लेखात संदर्भासह दोन ओळी घालाव्यात. त्याही नोंदच असतात. आज दोन ओळी टिकल्या, तर उद्या त्यांचाच परिच्छेद होतो आणि परवा लेख.

चौथी गोष्ट मराठी विकिपीडियाविषयीची. इंग्रजीच्या मानाने तेथे नियमित काम करणाऱ्यांची संख्या फार अल्प आहे. आपल्या लोकपरंपरेला साजेशा कसोट्या ठरविण्याचे स्वातंत्र्य तेथील सदस्यांना आहे. तबकड्यांच्या खपाऐवजी पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा, गुरुपरंपरा आणि परिसरातील स्थान यांना महत्त्व देणारी कसोटी मराठीत का असू नये? मात्र ती ठरविताना पडताळणीचे तत्त्व सोडता कामा नये. डिचोलीच्या खोट्या युद्धाने जो धडा दिला, तो आपल्या भाषेतही तितकाच लागू आहे. बाहेरून टीका करणारे पुष्कळ असतात. आत जाऊन, नियम वाचून, संदर्भ जुळवून रोज अर्धा तास काम करणारे मोजकेच असतात. अशा मोजक्यांची संख्या वाढविणे हे मराठी भाषेसाठी आजच्या काळातील मोठे काम आहे.

नाकारले म्हणजे धिक्कारले नव्हे

अखेर मूळ प्रश्नाचा निवाडा काय? ज्या अप्रसिद्ध बँडविषयी कोणीही स्वतंत्रपणे लिहिलेले नाही, त्याचा स्वतंत्र लेख आज विश्वकोशात असू नये, हाच निर्णय योग्य होय. तो कठोर वाटला तरी न्याय्य आहे. परंतु ‘उल्लेखनीय नाही’ या शब्दांचा अर्थ ‘योग्यतेचा नाही’ असा कोणी घेऊ नये. त्याचा अर्थ एवढाच की, या कलावंतांची साक्ष देणारा अजून कोणी पुढे आलेला नाही. निर्णय देणारा संपादक पुराव्याअभावी खटला काढून टाकणाऱ्या न्यायाधीशासारखा असतो. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. साक्षीदार उभे करणे हे गावाचे काम आहे.

डॉ. केतकरांसमोर ज्ञानकोशाचा संकल्प होता, तेव्हा ना सरकारी पाठबळ होते, ना संपन्न संस्था. वर्गणीदार मिळवीत, लेखक जमवीत, कर्जाचे ओझे वाहत त्यांनी ते काम तडीस नेले, कारण आपल्या समाजाचे ज्ञान आपल्या भाषेत नोंदले गेलेच पाहिजे, ही तळमळ त्यांच्या ठायी होती. आजच्या पिढीला एवढे कष्ट नाहीत. खिशातल्या दूरध्वनीत ध्वनिमुद्रक आहे, छायाचित्रक आहे आणि मराठी टंकलेखनाची सोयही आहे. उणीव आहे ती शेजारच्या बँडमास्तराच्या ओटीवर जाऊन बसण्याची आणि ‘मास्तर, तुमच्या वडिलांनी हे पथक कसे काढले?’ असे विचारण्याची. तो प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर निगुतीने छापले गेले, तर विश्वकोशाच्या उंबरठ्यावर थांबलेल्या त्या पथकाला आत येण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.